झाकण उघडून बघू नका

आमच्या थोरल्या साडूंचा या जगात फक्त उतारावर विश्वास होता. माणसं, यंत्रं, तराजू, मीटर, सरकार, हवामानाचा अंदाज आणि सख्खे नातेवाईक यांपैकी कोणीही कधीही दगा देईल, अशी त्यांची पक्की खात्री होती. उतार मात्र उतारच राहतो. तो पेट्रोल मागत नाही आणि लिटर म्हणून पाऊण लिटर गळ्यात मारत नाही. नाशकात कुठे किती उतार आहे, हे रस्ते बांधणाऱ्यांना ठाऊक नसेल एवढं त्यांना ठाऊक होतं. द्वारका चौकातून नासर्डीच्या पुलाकडे उतरताना स्कूटर नेमकी कुठे बंद करायची, बंद केलेली स्कूटर पूल ओलांडून पलीकडच्या चढावर कोणत्या लिंबाच्या झाडापर्यंत आपली आपण जाते, समोरून वारा असेल तर त्या झाडाच्या किती अलीकडे थांबते, सगळं तोंडपाठ. कोणी नवीन घर घेतलं की लोक विचारतात, पाणी दोन वेळा येतं का? हे विचारायचे, "कामावर जाताना उतार आहे, की येताना?"

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. बायको त्यांना भाऊजी म्हणायची म्हणून मीही भाऊजीच म्हणू लागलो. ते मला 'धाकटे' म्हणत. मुंबई नाक्याच्या मागे एका दोन मजली इमारतीत ते वर आणि आम्ही खाली राहायचो. दोन बहिणींना एकमेकींच्या उशाशी राहायचं होतं, त्यात आम्हां दोघांना कोणी विचारलं नव्हतं. साडू नाशिक रोडला नोटांच्या छापखान्यात होते. तिथून बाहेर पडताना प्रत्येकाची झडती होते, हे आख्ख्या नाशकाला माहीत आहे. खिसे, डबा, मोजे, सगळं दाखवायचं आणि मग घरी जायचं. वीस वर्षं रोज झडती दिलेला माणूस एक तर त्या प्रकाराला वैतागतो, नाहीतर त्याच्या प्रेमात पडतो. आमचे साडू प्रेमात पडले होते. "धाकटे, तिथे आमचा रोज संशय घेतात, म्हणून तर तुमच्या खिशातली नोट खरी आहे," असं ते छाती काढून सांगायचे. मग घरी आल्यावर ते उरलेल्या जगाची झडती घ्यायचे.

मीही तेव्हा नाशिक रोडलाच एका विमा कचेरीत कारकून होतो. तिकडे आखातात लढाई पेटली, इकडे पेट्रोलचा भाव चढला, आणि एका रविवारी साडू जिना उतरून आमच्याकडे आले. दोघं एकाच दिशेला जातो, तर दोन स्कूटरी कशाला? एक आठवडा त्यांची, एक आठवडा माझी. कल्पना उत्तम होती. मी लगेच हो म्हणालो, आणि हो म्हणालो म्हणूनच त्यांना संशय आला. "एवढ्या पटकन हो म्हणालात?" म्हणत ते मला पायापासून डोक्यापर्यंत बघत राहिले. मग म्हणाले, "तुमचं वजन किती?" मी पंच्याहत्तर सांगितलं. "स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंत, की कोणी सांगितलं?" हा त्यांचा लाडका प्रश्न. चार वाजता ते मला नाशिक रोडच्या स्टेशनवर घेऊन गेले आणि फलाटावरच्या वजनकाट्यावर उभं केलं. दिवे लुकलुकले, खणखण आवाज झाला आणि तिकीट पडलं. वजन त्र्याहत्तर निघालं. वाटलं, सुटलो. पण त्या तिकिटाच्या मागे भविष्य छापलेलं असायचं. त्यावर लिहिलं होतं, 'जवळच्या माणसापासून सावध राहा.' साडूंनी ते दोनदा वाचलं, माझ्याकडे एकदा बघितलं आणि तिकीट घडी घालून पाकिटात ठेवलं. ते पुढची किती वर्षं त्या पाकिटात होतं, देव जाणे.

त्यांच्या मागे बसून कामावर जाणं ही एक नोकरीच होती. उतारावर मी त्यांना जड हवा असायचो आणि चढावर हलका. उतार लागला की "घट्ट बसा, पुढे सरका," आणि चढ आला की "उतरा जरा, पाय मोकळे होतील." स्कूटर बंद करून ते पुलाकडे सोडायचे तेव्हा मागून येणारे ट्रकवाले शिव्या द्यायचे, आणि मी त्यांच्या पाठीला नाक लावून वाकलेला असायचो, कारण ताठ बसलं की वारा धरतो. "वाका धाकटे, वाका! तुमच्या डोक्यानं चमचाभर गेलं." जेवणाचा डबा मांडीवर घेतला की विचारायचे, आज काय आहे? उसळ म्हटलं की चेहरा पडायचा, उसळ जड. एकदा मी कचेरीतून दिवाळीची भेट म्हणून मिळालेलं भिंतीवरचं घड्याळ घेऊन आलो, तर मला घड्याळासकट रिक्षात बसवून दिलं. रिक्षाचं भाडं मी दिलं, पण त्यांचं पेट्रोल वाचलं. याला बचत म्हणायचं की नाही, यावर आमचा घरापर्यंत, म्हणजे ते घरी पोहोचेपर्यंत आणि मी रिक्षातून पोहोचेपर्यंत, वाद होऊ शकला नाही.

पेट्रोल भरायला ते पहाटे जायचे. थंड पेट्रोल आखडलेलं असतं, जास्त बसतं, असा त्यांचा सिद्धांत होता. एकाच पंपावर लागोपाठ दोनदा जायचं नाही, कारण तिथल्या माणसाला आपली सवय कळते. आणि एका वेळी एक लिटरच्या वर घ्यायचं नाही. टाकीत जास्त असलं की चोराला जास्त मिळतं, स्कूटर जड होते, आणि उद्या भाव उतरले तर आपण मूर्ख ठरतो. पंपावरचा माणूस नळी लावायचा, हे मीटरच्या काचेला कपाळ टेकवून शून्य दिसतंय का ते बघायचे, आणि भरून झालं की ती नळी त्याच्या हातातून घेऊन, वर धरून, तीनदा झटकायचे. शेवटचे चार थेंब पडले की म्हणायचे, "हे आपलेच आहेत." मागे रांग लागलेली असायची आणि मी दूर कोपऱ्यात चहाच्या टपरीवर, आपण यांना ओळखतच नाही अशा थाटात उभा असायचो. बातम्यांत 'आज मध्यरात्रीपासून' एवढं ऐकू आलं की ते टीव्हीसमोर उठून उभे राहायचे. "मी भरलं की उतरतात, नाही भरलं की चढतात. कोणीतरी पाळत ठेवून आहे," असं ते अगदी गंभीरपणे म्हणायचे. दिल्लीत बसून कोणीतरी मुंबई नाक्यावरच्या एका फिकट निळ्या स्कूटरवर पाळत ठेवून आहे! मी हसलो की मीसुद्धा त्यातलाच.

त्या जुन्या स्कूटरींना टाकीत किती पेट्रोल आहे ते दाखवणारा काटा नसायचा. सीट उचलायचं, झाकण फिरवून उघडायचं आणि आत डोकावायचं. साडूंचा डोकावण्यावर भरवसा नव्हता. त्यांनी ताईंची, म्हणजे माझ्या मेहुणीची, विणकामाची सुई घेतली, तिच्यावर कानशीने खुणा पाडल्या आणि ती टाकीत बुडवून ते पेट्रोल मोजू लागले. ती सुई नेली तेव्हा ताई माझ्यासाठी स्वेटर विणत होत्या. नाशकाची थंडी आणि त्यात सकाळी वाकून बसायची माझी ती नोकरी. बिचारीला माझी दया आली होती. एक बाही झाली होती, दुसरी अर्धी व्हायची होती. त्या सुईअभावी तो स्वेटर एका बाहीनिशी कपाटात जाऊन बसला. "नवी सुई आणा की," मी म्हणालो. ताई म्हणाल्या, "जोडी मोडते हो. आणि नवी आणली तर तीही नेतील." सुई आमच्याकडे नव्हती, पण तिचा वास जिन्यात असायचा. सकाळी निघताना एकदा, छापखान्यापाशी पोहोचल्यावर एकदा, सुटल्यावर एकदा, घरी आल्यावर एकदा आणि जेवण झाल्यावर शतपावली म्हणून एकदा. एवढ्या वेळा तर मी देवाला नमस्कार करत नसेन.

आणि एका चैत्रात पेट्रोल कमी भरू लागलं. म्हणजे सुई सकाळी चौथ्या खुणेपर्यंत भिजायची आणि स्कूटर जागची न हलता संध्याकाळी साडेतीनवर यायची. पहिला संशय पंपांवर गेला. सगळ्या पंपांवर एकदम. मग मेकॅनिकवर, मग समोरच्या दुकानदाराच्या भाच्यावर, कारण त्याने नवा चष्मा घेतला होता. साडूंनी सीटला कुलूप बसवलं आणि चावी गळ्यातल्या गोफात अडकवली. तरी पेट्रोल कमीच. कुलूप लावूनही जातंय म्हणजे घरातलाच कोणीतरी, असं त्यांनी काढलं, आणि नेमका त्याच सुमारास माझ्या जिभेला हाड राहिलं नाही. जिन्यात उभं राहून मी बायकोला मोठ्याने म्हणालो, "बघ, आपली स्कूटर यंदा काय ॲव्हरेज देतेय! गेल्या आठवड्यात भरलेलं अजून पुरतंय." वरच्या मजल्यावरचं दार किंचित उघडं होतं. ते हळूच बंद झाल्याचं मी ऐकलं, पण त्याचा अर्थ मला तेव्हा कळला नाही.

साडूंनी सापळा लावला. छापखान्यात कधीकाळी त्यांनी ऐकलं असावं, की चोराच्या बोटांना रंग लागेल अशी व्यवस्था करतात. घरात रंग कुठला? त्यांनी ताईंच्या देव्हाऱ्यातलं कुंकू खोबरेल तेलात मळलं आणि टाकीच्या झाकणाला आतल्या कडेने लावून ठेवलं. उघडणाऱ्याचा अंगठा लाल होणारच. विचार म्हणून हा विचार उत्तम होता. फक्त महिना चैत्राचा होता, आणि त्याच मंगळवारी आमच्याकडे चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं. बायकोने सकाळपासून मला कामाला जुंपलं होतं. कैऱ्या किसा, हरभरे निवडा, आणि शेवटी करंड्यात कुंकू भरा. ते भरताना करंडा कलंडला आणि माझी दोन्ही हातांची बोटं लालभडक झाली. साबणाने कुंकू जातंय होय! संध्याकाळी बायका येऊन गेल्यावर साडू वरून आले. मी वाटीत कैरीची डाळ आणि पेल्यात पन्हं त्यांच्या पुढे केलं. त्यांनी वाटीकडे बघितलं नाही. वाटी धरलेल्या माझ्या अंगठ्याकडे बघितलं. कितीतरी वेळ बघितलं. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "तरीच." आणि डाळीला बोट न लावता जिना चढून गेले. त्यांना कैरीची डाळ किती आवडते हे मला माहीत होतं. म्हणून मी बायकोला म्हटलं, यांची तब्येत बरी दिसत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खाली उभा, आणि साडू मला न घेताच निघून गेले. तिसऱ्या दिवशीही तेच. मग ताईंकडून हिला कळलं, आणि हिच्याकडून मला. मी पेट्रोलचोर! डुप्लिकेट चावी करून रात्रीचं काढतो, तिकिटानेही तसंच सांगितलं होतं, आणि अंगठा तर त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघितला. आधी मला हसू आलं, मग राग आला, आणि मग खरंच वाईट वाटलं. दोन वर्षं ज्या माणसाच्या पाठीला नाक लावून वाकलो, त्याला मी चोर वाटावं? मी वर जाऊन सांगायला हवं होतं, पण मीही काही कमी हट्टी नव्हतो. म्हटलं, जाऊ देत खड्ड्यात. मी माझी स्कूटर काढून एकटा जाऊ लागलो. बहिणी-बहिणींचं बिनसलं. हिने ताईंना म्हटलं, "तू तरी सांगायचंस ना," ताईंनी हिला म्हटलं, "सांगून ऐकतात का ते," आणि दोघी रडल्या. वरून खाली येणारी आमटीची वाटी बंद झाली. सगळ्यात मोठी धास्ती मला अक्षय्य तृतीयेची होती. त्या दिवशी दोघी लेकी, दोघे जावई सायखेड्याला सासऱ्यांकडे जेवायला जायचे, हा दरवर्षीचा रिवाज. तिथे हा विषय निघणार होता. सासरे माझ्याविषयी गावात फार चांगलं बोलायचे. त्यांच्या अंगणात मी चोर ठरलो, तर पुन्हा त्या घरी कोणत्या तोंडाने जाणार होतो?

त्या दिवशी दोन लेकी दोन स्कूटरींवरून, अर्ध्या तासाच्या अंतराने सायखेड्याला पोहोचल्या. सासरे अंगणात बाजेवर बसून सगळं बघत होते. साडू उतरले, कुलूप काढलं, सीट उचललं, सुई बुडवली, उन्हात धरून बघितली आणि माझ्याकडे एक नजर टाकली. जेवायला पुरणपोळी आणि आमरस होता. आम्ही दोघं शेजारी बसून एकमेकांकडे न बघता जेवलो. मीठ हवं होतं ते मी सासूबाईंकडे मागितलं, मीठ साडूंच्या हाताशी असताना. सासऱ्यांनी हात धुतले, विडी पेटवली आणि म्हणाले, "काय झालं हाय तुमचं? दरसाली आपापल्या गाडीवर पोरीला बसवून संगं हसत येत होते दोघं. आज आमच्या अंगणात का मयत झालंय?"

"विचारा तुमच्या धाकट्या जावयांना," साडू म्हणाले.

आणि मग त्यांनी सगळं मांडलं. सुईच्या खुणा, कुलूप, माझं जिन्यातलं बोलणं, आणि शेवटी अंगठा. पाकीट काढून ते वजनाचं तिकीटही दाखवलं. सासऱ्यांनी शांतपणे ऐकलं. मी बोलायला तोंड उघडलं तर हाताने थांबवलं. ही पदर तोंडाला लावून उभी होती. मला एकदम वाटलं, संपलं, आता हे म्हातारं मला ऊठ म्हणेल.

सासरे उठले ते थेट स्कूटरपाशी गेले. त्यांचा जन्म विहिरीवरच्या डिझेल इंजिनाशी भांडण्यात गेला होता. त्यांनी आधी विडी विझवली, झाकण उघडलं, उलटं करून बघितलं, नाकाशी नेलं आणि आतल्या कडेवरून नख फिरवलं. नखाला कुंकू लागलं आणि रबराचे दोन तुकडे खाली पडले. "जावईबापू, ह्यो वायसर कवाधरनं असा फुटलाय? तोंडच बसत नाय झाकणाचं." मग विचारलं, "दिवसातनं कितीदा उघडता?"

"पाचदा," साडू म्हणाले.

"सातदा," ताई मागून म्हणाल्या. "हल्ली सातदा. संशय आल्यापासून."

सासऱ्यांनी एक स्टीलची ताटली मागवली. "घाला यात दोन चमचे." साडूंचा हात थबकला. "दोन?" ते म्हणाले. "एकाने नाही का होणार?" शेवटी एक चमचा पेट्रोल ताटलीत घातलं आणि ती ताटली भर उन्हात ओट्यावर ठेवली. आम्ही सगळे तिच्याभोवती उभे राहिलो. पेट्रोल कडेकडेने आत सरकू लागलं. साडू गुडघ्यावर हात ठेवून वाकून बघत होते, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत, कोणी हात न लावता, ते पेट्रोल नाहीसं झालं. ऑइलचा एक चिकट डाग तेवढा राहिला. "उन्हात सातदा झाकण उघडायचं, आणि वायसर फुटका. चोर कशाला लागतो?" सासरे म्हणाले. "लय उडतं ते, बापू. बघत राहिलं की लय उडतं."

"आणि अंगठा?" साडूंनी शेवटचा प्रयत्न केला. त्यांचा आवाज निम्म्यावर आला होता.

"माझ्याकडे हळदीकुंकू होतं त्या दिवशी, भाऊजी," ही म्हणाली आणि रडायलाच लागली. "अख्ख्या इमारतीचे हात लाल होते."

तेव्हा ताई पुढे आल्या. त्यांनी नवऱ्याचा उजवा हात धरला आणि सगळ्यांसमोर उलटा केला. अंगठ्याच्या पेरात, नखाच्या कडेला, लाल रंग जाम बसला होता. "आणि हा कोणाचा अंगठा? पंधरा दिवस माझ्या टॉवेलांना डाग पडतायत. रोज सात वेळा तुम्हीच तर उघडताय ते झाकण!" साडूंनी आपल्या अंगठ्याकडे असं बघितलं, जणू तो दुसऱ्याचाच आहे. एवढ्या जगाचा संशय घेतला, पण स्वतःवर संशय घ्यायचं त्यांना कधी सुचलंच नव्हतं. सासरे आधी हसले, मग सासूबाई, मग मीसुद्धा. साडू हसले नाहीत. ते स्कूटरपाशी गेले, झाकण लावलं आणि लावलेलं झाकण उगाच घट्ट करत राहिले. मला त्या क्षणी त्यांची इतकी कीव आली, की मी चोर ठरलो असतो तरी चाललं असतं असं वाटून गेलं.

माफी त्यांनी मागितली नाही. तो शब्द त्यांच्याकडे नव्हताच. सोमवारी सकाळी मी खाली आलो तर त्यांची स्कूटर फाटकाशी उभी होती. "बसा," ते म्हणाले. आम्ही नासर्डीच्या पुलाकडे निघालो. उतार लागला, त्यांनी इंजिन बंद केलं. मी सवयीने वाकलो. "राहू द्या," ते म्हणाले, "ताठ बसा आज." स्कूटर त्या दिवशी लिंबाच्या झाडाच्या बरीच अलीकडे थांबली. मला 'उतरा' न म्हणता त्यांनी किक मारली. आणि त्या वर्षी थंडी पडली तेव्हा ताई जिना उतरून आल्या. त्यांच्या हातात माझा स्वेटर होता, दोन बाह्यांचा. सुई परत मिळाली होती. दुसऱ्या बाहीला पेट्रोलचा बारीक वास यायचा. तो धुऊनही गेला नाही, आणि खरं सांगायचं तर मी फार धुतलाही नाही.

त्यालाही आता किती वर्षं झाली. साडू निवृत्त झाले. पेट्रोल आमच्या तेव्हाच्या कल्पनेच्या पार पुढे निघून गेलं, आणि रस्त्यावर अशा गाड्या आल्या की त्यांचा काटा आपणहून सगळं सांगतो. साडूंचा त्या काट्यावर विश्वास नाही, हे सांगायला नको. गुडघे गेले, डोळ्यांत मोतीबिंदू आला, तेव्हा मुलीने त्यांना आणि ताईंना पुण्याला नेलं. जायच्या आदल्या दिवशी ती फिकट निळी स्कूटर ढकलत त्यांनी माझ्या दारात आणून लावली आणि चावी गळ्यातून काढून माझ्या हातात दिली. "टाकी भरली आहे," ते म्हणाले. मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. आयुष्यभर लिटर-लिटर घेणारा माणूस. "पूर्ण?" मी विचारलं. "गळ्यापर्यंत. पण धाकटे, झाकण उघडून बघू नका. उडतं."

मी बघितलं नाही. अधूनमधून ती चालवतो. बायको म्हणते, विका ती आता, भंगारवाला दोनदा येऊन गेला. नासर्डीच्या पुलाकडे उतरताना माझा हात आपोआप चावीकडे जातो, स्कूटर गप्प होते, फक्त वारा ऐकू येतो, आणि मी जरासा वाकतो. मागचं सीट रिकामं असतं. साडूंची फार आठवण येते बुवा तेव्हा. वाईट वाटतं, की असं वाका म्हणणारं आता कोणी राहिलं नाही.

रविवारी पुण्याहून त्यांचा मिस्ड कॉल येतो. फोन मी लावायचा, हे ठरलेलं. परवाही लावला. तब्येत, पाऊसपाणी झालं, आणि मग आवाज जरा खाली आणून ते म्हणाले, "किती आहे?"

"पाऊण टाकी," मी सांगितलं.

झाकण न उघडता सांगितलेला हा आकडा आहे, हे त्यांना माहीत होतं. उघडू नका असं त्यांनीच तर बजावलं होतं. मी फोन कानाला लावून थांबलो. आता ते विचारणार, स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंत, की कोणी सांगितलं? उत्तर काय द्यायचं, ते मी मनात जुळवत होतो.

"बरं," साडू म्हणाले, आणि त्यांनी फोन ताईंकडे दिला.